मानसोपचाराचा प्रारंभ : अपेक्षा आणि प्रत्यक्ष

मानसोपचारासंबंधीचे वाङ्मय आज विपुल आहे. त्याच्या निरनिराळ्या उपपत्ती, पद्धती आणि त्यांचे परस्परांतील वाद यांची चर्चा पदव्युत्तर अभ्यासक्रमात सविस्तर होते. परंतु हे वाङ्मय बहुतांशी उपचारकाच्या बाजूने लिहिलेले आहे. जो मनुष्य प्रथमच चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या दाराशी येऊन उभा राहतो त्याला आत काय घडणार आहे, आपणाकडून कशाची अपेक्षा केली जाणार आहे, हे या ग्रंथांतून क्वचितच समजते. मानसशास्त्राचा विद्यार्थीही याला अपवाद नाही. फ्रॉइड, रॉजर्स, बेक यांची मते ज्याला मुखोद्गत आहेत, तोच स्वतः उपचारार्थी म्हणून जाण्याची वेळ आली म्हणजे इतरांइतकाच गोंधळून जातो. यास्तव या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ सोयी-गैरसोयीचा नाही. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सुमारे एक पंचमांश उपचारार्थी उपचार पुरे होण्यापूर्वीच ते सोडून देतात, असे आढळून आले. सोडून जाण्याची कारणे अनेक असतात. परंतु त्यांतील एक कारण असे आहे की ते थोड्या प्रयत्नाने दूर करता येते. ते म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील अंतर. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होएन-सॅरिक, जेरोम फ्रँक व त्यांचे सहकारी यांनी या मुद्द्याची प्रयोगाने परीक्षा केली व ती १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. चाळीस बाह्यरुग्णांपैकी निम्म्यांना उपचारांपूर्वी एक तयारीची मुलाखत देण्यात आली. मानसोपचार म्हणजे काय, त्यात उपचारक काय करील व काय करणार नाही, रुग्णाने काय करावयाचे, मध्येच येऊ नये असे वाटू लागले तर त्याचा अर्थ काय, आणि सुधारणा साधारण किती काळाने अपेक्षावी, एवढेच त्या मुलाखतीत सांगितले गेले. ज्यांना ही माहिती मिळाली त्यांची उपस्थिती अधिक नियमित राहिली, आणि सुधारणेच्या अनेक मापांवरही ते इतरांपेक्षा सरस ठरले. यावरून असे म्हणता येते की उपचारांची पूर्वमाहिती हा उपचारांचाच पहिला भाग होय. पुढील विवेचन या भूमिकेतून केलेले आहे.

१. कोणाकडे जावयाचे

लोकव्यवहारात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक या तिघांना पुष्कळदा एकाच नावाने संबोधतात. त्यांतील भेद आरंभीच ध्यानी घेतलेला बरा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यास सामान्यतः क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात तो, मानसशास्त्रातून आलेला असतो. मनोमापन, निदानास साहाय्य आणि संभाषणाच्या व वर्तनाच्या मार्गाने उपचार हे त्याचे कार्यक्षेत्र. तो औषधे लिहून देत नाही. औषधांची आवश्यकता वाटल्यास, अथवा लक्षणांच्या मुळाशी अवटू ग्रंथीच्या विकारासारखे एखादे शारीरिक कारण असावे अशी शंका आल्यास, तो उपचारार्थीस योग्य वैद्याकडे पाठवितो. अशा वेळी "मला टाळले" असे वाटून घेण्याचे कारण नाही. समुपदेशक ही संज्ञा याहून व्यापक असून ती धारण करणाऱ्यांचे शिक्षण निरनिराळ्या दर्जाचे असू शकते.

या शास्त्रशाखेचा उगम एका विद्यापीठीय विभागातच झाला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. लाइटनर विटमर याने १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. त्याच्याकडे आलेला पहिला मुलगा वेडा नव्हता. त्याला शुद्धलेखन काही केल्या जमत नव्हते, म्हणून त्याच्या शिक्षिकेने त्याला आणले होते. आपल्याकडे बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ पासून या विषयाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची केंद्रीय नोंदवहीत नोंदणी केली जाते. पहिल्याच भेटीत उपचारकाचे शिक्षण, नोंदणी व तो अवलंबीत असलेली पद्धती यांविषयी विचारणे हा उपचारार्थीचा हक्क आहे. त्यात उद्धटपणा मुळीच नाही.

२. पहिली भेट

पहिल्या भेटीविषयी दोन परस्परविरुद्ध समज आढळतात. काहींना वाटते की उपचारक आपणाकडे पाहताच मनातले सर्व ओळखील. काहींना वाटते की एकाच बैठकीत आपले सारे आयुष्य उघडे करावे लागेल. दोन्ही समज निराधार आहेत. पहिली भेट ही मुख्यतः विचारपूस असते. ती साधारणतः पाऊण ते एक तास चालते. त्रास कोणता, तो केव्हापासून, कोणत्या प्रसंगी वाढतो व कोणत्या प्रसंगी उतरतो, झोप व भूक कशी आहे, पूर्वी असे कधी झाले होते काय, घरात कोणकोण आहेत, मद्य वा अन्य पदार्थांचे सेवन आहे काय, असे प्रश्न क्रमाने येतात. जीव नकोसा वाटतो काय, हा प्रश्नही सरळ शब्दांत विचारला जातो. नवख्याला तो धक्कादायक वाटतो. परंतु तो प्रत्येकास विचारावयाचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याचे खरे उत्तर देणे उपचारार्थीच्याच हिताचे असते. मनात तसे विचार प्रबळ असतील तर ठरलेल्या भेटीची वाट पाहत बसू नये. जवळच्या माणसास सांगावे व तत्काळ रुग्णालयात जावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही अशा वेळी उपयोगी पडतो.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेऊ. एका संशोधक विद्यार्थिनीचे प्रबंधाचे एक प्रकरण लिहून तयार आहे. परंतु तीन महिने झाले, ते मार्गदर्शकांना दाखविण्यास ती धजत नाही. मार्गदर्शक व्हरांड्यातून येताना दिसले की ती जिन्याकडे वळते. रात्री झोप येत नाही. उपचारकासमोर बसताच ती विचारते, "मी हे संशोधन सोडून द्यावे की नाही, एवढेच सांगा." उपचारक याचे उत्तर देत नाही. तो विचारतो, "गेल्या आठवड्यात जिन्याकडे वळलात, त्या क्षणी मनात काय आले? आणि वळल्यानंतर कसे वाटले?" विद्यार्थिनीची थोडी निराशा होते. आपण एवढा मोठा प्रश्न घेऊन आलो आणि हे गृहस्थ जिन्याची चौकशी करीत आहेत, असे तिला वाटते. या निराशेचा विचार पुढे करावयाचा आहे.

काय बोलावे, कोठून सुरुवात करावी, ही चिंता बहुतेकांना असते. फ्रॉइडने १९१३ मध्ये उपचारांच्या प्रारंभावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने रुग्णास द्यावयाच्या सूचनेसाठी आगगाडीच्या प्रवाशाचा दृष्टांत योजला आहे. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने बाहेरची बदलती दृश्ये आत बसलेल्यास सांगत जावे, त्याप्रमाणे मनात जे जे येईल ते निवड न करता सांगावे, असा त्याचा आशय. आजचे सर्वच उपचारक हा नियम घालीत नाहीत. तथापि त्यातील मर्म सर्वत्र लागू आहे. सुसंगत निवेदन तयार करून नेण्याची गरज नसते. अडखळणे, थांबणे, रडू येणे, गप्प राहणे या सर्वांस तेथे मुभा असते. "हे आज सांगवत नाही" एवढे सांगणे हेही पुरेसे प्रामाणिक बोलणे आहे.

३. चाचण्या

काही वेळा मुलाखतीबरोबर मानसशास्त्रीय चाचण्या दिल्या जातात. त्यांत खिन्नतेची तीव्रता मोजणाऱ्या, ० ते २७ गुणांच्या नऊ प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावलीपासून बुद्धिमापन व व्यक्तिमत्त्वमापन यांच्या दीर्घ कसोट्यांपर्यंत अनेक प्रकार येतात. या चाचण्यांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते. त्यांचा निष्कर्ष मुलाखतीतून मिळालेल्या माहितीशी ताडून पाहावयाचा असतो. एकट्या गुणांकावरून निर्णय करावयाचा नसतो. चाचणी कोणत्या भाषेत व कोणत्या समाजात प्रमाणित झाली, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे मराठी व कानडी भाषांत रूपांतर व प्रमाणीकरण केले, त्यामागे हीच जाणीव होती. उपचारार्थीने चाचणीचा हेतू विचारावा व नंतर निष्कर्ष समजावून मागावा.

४. गुप्तता व तिच्या मर्यादा

येथे बोललेले बाहेर जाणार नाही, हे आश्वासन मानसोपचाराचा पाया होय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने त्यास कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. परंतु ही गुप्तता निरपवाद नाही. कोणाच्या जिवाला धोका असल्यास, दुसऱ्या व्यक्तीस इजा होण्याचा संभव असल्यास, अथवा न्यायालयाचा आदेश असल्यास आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते. बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. दक्ष उपचारक या मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो. त्याने तसे न केल्यास आपण विचारावे.

आपल्याकडे हा प्रश्न कुटुंबाच्या संदर्भात विशेष उत्पन्न होतो. उपचारार्थी पुष्कळदा एकटा येत नाही, आई, पती, थोरला भाऊ अथवा सासरे बरोबर असतात, आणि बाहेर आल्यावर "काय म्हणाले?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. कुटुंबाचा सहभाग हा दोष मानण्याचे कारण नाही. अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही ठेवून घेण्याचा जो उपक्रम केला, तो भारतीय मानसोपचाराच्या इतिहासात मोलाचा मानला जातो. मात्र कोणास काय सांगावयाचे, हे प्रौढ उपचारार्थीच्या संमतीने ठरावे. ज्याने फी दिली त्यास सर्व काही कळण्याचा अधिकार पोहोचतो, हा समज चुकीचा आहे.

विद्यापीठाच्या आवारात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जो आपला शिक्षक, मार्गदर्शक वा परीक्षक आहे त्याने आपला उपचारक होऊ नये. ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्यासमोर मन मोकळे करता येत नाही. आणि केले, तर त्याची किंमत कोठे चुकवावी लागेल याची शाश्वती नसते.

५. सल्ला का मिळत नाही

आता त्या विद्यार्थिनीच्या निराशेकडे वळू. उपचारकाकडे जाणाऱ्याची सर्वांत प्रबळ अपेक्षा सल्ल्याची असते, आणि पहिला अपेक्षाभंगही तेथेच होतो. भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये असे प्रतिपादन केले की पाश्चात्त्य मानसोपचारात गृहीत धरलेले समान पातळीवरचे नाते भारतीय रुग्णास परके वाटू शकते. त्याच्या मनात गुरु-शिष्य संबंधाचा आदर्श असतो, आणि उपचारांत त्याचा उपयोग करून घेता येईल. या मतात पुष्कळ तथ्य आहे. आपल्या समाजात अडचणीच्या वेळी वडीलधाऱ्यांकडे, गुरूंकडे वा सत्पुरुषांकडे जाऊन "काय करू ते सांगा" असे विचारण्याची रीत जुनी आहे. अशा मनुष्यासमोर उपचारक केवळ मान डोलावीत बसला तर त्यास तो अनास्थेचा भाग वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून येथील अनेक उपचारक प्रारंभी अधिक बोलतात, समजावून सांगतात आणि झोपेसारख्या बाबतीत प्रत्यक्ष सूचनाही देतात.

तथापि आयुष्यातील निर्णयांविषयी उपचारक हात आखडता घेतो, त्यास कारण आहे. विद्यार्थिनीने संशोधन सोडावे की चालू ठेवावे, हे सांगण्याइतके तिच्या आयुष्याचे ज्ञान त्याला तासाभरात होत नाही. शिवाय सल्ला देणारी माणसे तिच्याभोवती आधीच पुष्कळ आहेत. तिला जे मिळालेले नाही ते म्हणजे आपली अडचण कशी चालते, याचे आकलन. जिन्याविषयीचा प्रश्न त्यासाठी होता. ती जिन्याकडे वळते तेव्हा छातीतील धडधड क्षणात कमी होते. ही सुटका सुखद असल्यामुळे टाळण्याची सवय दृढ होते, आणि टाळल्यामुळे मार्गदर्शक खरोखर काय म्हणतील हे तिला कधीच कळत नाही. मॉवररने १९४७ मध्ये भीतीची जी द्विघटक उपपत्ती मांडली, तिचाच हा आविष्कार होय. विद्यार्थिनीने ही उपपत्ती परीक्षेत लिहिलेलीही असेल. परंतु ती आपल्याच जिन्यावर घडत आहे, हे तिला या संभाषणातूनच दिसते.

६. करार आणि काम

पहिल्या दोन-चार भेटींनंतर उपचारक आपले आकलन उपचारार्थीपुढे मांडतो. हे आकलन म्हणजे एक गृहीतक असते. ते पटत नसल्यास तसे सांगणे इष्ट असते; किंबहुना उपचारकास त्याची गरजच असते. त्यानंतर उद्दिष्ट, पद्धती, भेटींचे अंतर, फी, भेट रद्द करण्याचे नियम यांविषयी बोलणे होते. सामान्यतः आठवड्यातून एक भेट, ४५ ते ५० मिनिटांची, असा क्रम असतो. वेळ संपताच उपचारक थांबतो; हा कोरडेपणा नव्हे, नियमितपणा हा या कामाचा आधारच आहे. एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ मध्ये उपचारक व उपचारार्थी यांच्या कार्यबंधाची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टांविषयी एकमत, कार्यांविषयी एकमत आणि परस्परांविषयीचा स्नेहभाव. आपण येथे कशासाठी येतो आणि येथे जे करतो त्याने ते कसे साधेल, या दोन प्रश्नांची उत्तरे महिन्याभराने उपचारार्थीस देता येत नसतील, तर त्याविषयी उपचारकाशी बोलावे.

पद्धतीनुसार कामाचे स्वरूप बदलते. मनोविश्लेषणाच्या परंपरेतील उपचारक विद्यार्थिनीच्या भीतीचा माग तिच्या पूर्वीच्या नात्यांत घेईल. रॉजर्सच्या परंपरेतील उपचारक तिच्या अनुभवाचे निर्मत्सर व सहृदय श्रवण हाच उपचाराचा गाभा मानील. बेकची बोधात्म पद्धती, तसेच कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजविलेली अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धती, तिच्या विचारांची तपासणी करील व घरी करावयाचा अभ्यास देईल. उदाहरणार्थ, प्रकरणाची पहिली दोन पाने आहेत तशी दाखवावयाची. दाखविण्यापूर्वी मार्गदर्शक काय म्हणतील ते कागदावर लिहून ठेवावयाचे. आणि नंतर प्रत्यक्ष उत्तराशी ते ताडून पाहावयाचे. हा अभ्यास राहून गेला तरी भेट टाळू नये. तो का राहिला, हाच त्या दिवसाचा विषय होऊ शकतो.

७. अस्वस्थता, अवधी आणि फलित

प्रारंभी काहींना हलके वाटते, तर काहींना पूर्वीपेक्षा अधिक अस्वस्थ वाटू लागते. ज्याकडे इतके दिवस पाठ फिरविली त्याकडे पाहावे लागल्याने असे होणे शक्य असते. उपचारकाचा राग येणे, त्याच्या एखाद्या शब्दाने दुखावणे, अथवा भेटीच्या दिवशी नेमके दुसरे काम निघणे, याही नेहमीच्या गोष्टी आहेत. त्या गिळून टाकून येणे बंद करण्यापेक्षा बोलून दाखविल्यास त्यांतूनच पुष्कळदा कामास गती येते.

किती दिवस लागतील, या प्रश्नास सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पण अंदाज करता येतो. हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार सुमारे निम्म्या रुग्णांत आठव्या भेटीपर्यंत, व सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांत सव्विसाव्या भेटीपर्यंत मोजण्याजोगी सुधारणा दिसून आली. मानसोपचाराने काही लाभ होतो काय, हा आयझेंकने १९५२ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न योग्यच होता. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे संकलन करून त्याचे उत्तर दिले : उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती ही उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. अर्थात काही थोड्या व्यक्तींची स्थिती उपचारकाळात खालावते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. म्हणून ठरावीक भेटींनंतर प्रगतीचा आढावा मागावा. आणि लाभ दिसत नसल्यास पद्धती अथवा उपचारक बदलण्याचा विचार संकोच न करता मांडावा. उपचारक आर्थिक व्यवहारात गुंतवू लागला, खाजगी जवळीक साधू लागला, किंवा आपल्या उपचारांविषयी इतर कोणाशी बोलू नये असे बजावू लागला, तर मात्र आढाव्याची वाट न पाहता तेथून बाहेर पडावे.

८. समारोप

त्याच १९१३ च्या निबंधात फ्रॉइडने मानसोपचाराची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. डावाचा आरंभ आणि शेवट यांचेच नियम पुस्तकातून शिकविता येतात, मधला भाग खेळूनच समजतो, असा त्याचा अभिप्राय होता. प्रस्तुत लेखात आरंभाचेच विवेचन केले, त्याचेही कारण हेच.

आपल्या विभागांतून विद्यार्थ्यांना उपचारकांकडे पाठविण्याचे प्रसंग वारंवार येतात. अशा वेळी अध्यापक सहसा एक नाव व पत्ता लिहून देतात आणि "जाऊन ये, बरे वाटेल" असे सांगतात. त्याऐवजी पाच मिनिटे काढून चार गोष्टी सांगाव्यात : पहिल्या भेटीत मुख्यतः प्रश्न विचारले जातील, आयत्या सल्ल्याची अपेक्षा ठेवू नये, आरंभी अस्वस्थ वाटले तरी निदान चार भेटी पुऱ्या कराव्यात, आणि जे पटणार नाही ते तेथेच, त्या उपचारकासमोरच बोलावे. बाल्टिमोरच्या त्या प्रयोगात वीस रुग्णांना याहून फारसे अधिक काही सांगितलेले नव्हते.